हंगेरीची ड्राय व्हाइट वाइन: पहिल्या बाटलीपासून तोकायच्या तळघरापर्यंत

हंगेरीच्या वाइनचा विषय निघाला की पहिलं नाव येतं तोकाय प्रदेशातल्या ऑसू या गोड वाइनचं. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातल्या राजेरजवाड्यांनी जी डोक्यावर घेतली, ती हीच. पण त्याच टेकड्यांवर, त्याच द्राक्षांपासून गेल्या पंचवीसेक वर्षांत एक वेगळी वाइन नावारूपाला आली आहे. तिच्यात साखर जवळजवळ नाही, आम्लता खणखणीत आहे आणि ज्या मातीत द्राक्ष वाढलं ती माती चवीतून थेट जाणवते. माझ्या मते हंगेरीची खरी ओळख करून घ्यायची तर आज सुरुवात या ड्राय वाइनपासून करावी, ऑसूकडे नंतर जावं.

नोकरी-शिक्षणासाठी बुडापेस्ट, व्हिएन्ना, म्युनिक किंवा लंडनला असलेली, युरोपच्या सहलीत हंगेरीत दोन-चार दिवस काढणारी, किंवा कुणीतरी भेट दिलेली तोकायची बाटली कपाटात ठेवून ‘ही कधी आणि कशी उघडायची’ या विचारात असलेली मराठी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. हंगेरीत मद्यपानासाठी वय 18 पूर्ण लागतं, महाराष्ट्रात वाइनसाठी 21.

पायरी 1: ‘ड्राय’ म्हणजे काय, ते जिभेला शिकवा

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. यीस्टने जवळजवळ सगळी साखर संपवली की वाइन ड्राय झाली. युरोपीय संघाच्या नियमानुसार लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर उरली असेल तर बाटलीवर ‘ड्राय’ लिहिता येतं. आम्लता भरपूर असेल तर ही मर्यादा 9 ग्रॅमपर्यंत जाते, मात्र साखर आम्लतेच्या आकड्यापेक्षा 2 ग्रॅमहून जास्त असता कामा नये. ही सवलत हंगेरीच्या बाबतीत महत्त्वाची आहे, कारण इथल्या द्राक्षांची आम्लता मुळातच जास्त असते. त्यामुळे 6-7 ग्रॅम साखर असलेली फुर्मिंत (तोकायच्या मुख्य द्राक्षाची वाइन) जिभेला पूर्ण ड्राय लागते. साखर कुठे गेली असा प्रश्न पडतो, पण ती आम्लतेखाली दबलेली असते.

नवख्या माणसाची पहिली गफलत वासाने होते. ग्लासातून पिकलेल्या नासपतीचा, मधाचा, फुलांचा वास आला की मेंदू गोडाची अपेक्षा धरतो, आणि घोट घेतल्यावर गोड काहीच सापडत नाही. मग ‘आंबट आहे’ म्हणून ग्लास बाजूला ठेवला जातो. तसं करू नका. या वाइनमधली आम्लता म्हणजे आमटीतलं आमसूल. ते काढून टाकलं तर बाकीचं सगळं सपक होतं. पहिला घोट तोंड धुण्यापुरता घ्या, मत दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला बनवा.

नाशिकची शेनिन ब्लाँ प्यायची सवय असेल तर एक फरक आधीच लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिन किंचित गोडसर ठेवलेल्या असतात. द्राक्षंही सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वाढून जानेवारी ते मार्चमध्ये, उन्हं चढत असताना तोडली जातात. तोकायचं द्राक्ष उन्हाळाभर पिकतं आणि शरद ऋतूतल्या थंड रात्रींत हळूहळू तयार होतं. त्याची आम्लता त्या गारव्यामुळे टिकून राहते. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लाँकडून फुर्मिंतकडे येणं त्या मानाने सोपं जातं.

पायरी 2: बाटली आणि लेबल

लेबल पाहून घाबरायला होतं, पण मराठी माणसाला ते वाचणं इंग्रजी वाचकापेक्षा सोपं आहे, कारण लागणारे बहुतेक उच्चार आपल्या लिपीत आहेत. रोमन लिपीतला एकटा ‘एस’ दिसला की ‘श’ म्हणा. ‘एस’ आणि ‘झेड’ जोडीने आले की ‘स’. ‘सी’ आणि ‘एस’ एकत्र म्हणजे ‘च’. ‘जे’ म्हणजे ‘य’, म्हणूनच तोकाय. एवढ्यावर दुकानदाराशी बोलता येतं.

लेबलवर सर्वांत आधी गोडीचा शब्द शोधा. ‘साराझ’ म्हणजे ड्राय. ‘फेलसाराझ’ म्हणजे जवळपास ड्राय, ‘फेलएदेश’ म्हणजे मध्यम गोड, ‘एदेश’ म्हणजे गोड. ‘फेहेर बोर’ म्हणजे व्हाइट वाइन. ‘केशोई’ने सुरू होणारा लांबलचक शब्द दिसला तर ती उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, म्हणजे बहुधा गोड वाइन आहे. ‘द्यूलो’ हा शब्द दिसला तर थांबा: बाटलीतली द्राक्षं एकाच नावाजलेल्या मळ्यातली आहेत आणि त्या मळ्याचं नाव शेजारी लिहिलेलं असेल. ‘पिंत्से’ म्हणजे तळघर, आणि त्यावरून झालेला ‘पिंत्सेसेत’ हा शब्द उत्पादकाच्या नावापाठोपाठ येतो.

बाटलीचा आकारही बोलतो. तोकायची ऑसू आणि तिच्या जवळच्या गोड वाइन अर्ध्या लिटरच्या, लांब मानेच्या पारदर्शक बाटलीत येतात. ड्राय फुर्मिंत नेहमीच्या 750 मिलीच्या बाटलीत असते. विमानतळावर घाईत ‘तोकाय’ एवढंच वाचून अर्ध्या लिटरची बाटली उचलली तर ती जवळजवळ नक्कीच गोड निघणार. त्याला एक अपवाद आहे, ड्राय सामोरोद्नी. तिच्याबद्दल पुढे.

पायरी 3: पहिली बाटली फुर्मिंतचीच घ्या

हंगेरीत सुमारे बावीस वाइन-प्रदेश आहेत आणि व्हाइट वाइनच्या द्राक्षांच्या जातीही ढीगभर. तरीही पहिली बाटली तोकायच्या फुर्मिंतची असावी यावर मी ठाम आहे, कारण हंगेरीची ड्राय व्हाइट जगाच्या नकाशावर आणली ती याच द्राक्षाने.

तोकाय हा प्रदेश हंगेरीच्या ईशान्येला, झेंप्लेन डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. बोद्रोग आणि तिसा या नद्या तोकाय गावापाशी एकमेकींना मिळतात. शरद ऋतूत या नद्यांवरून पहाटे धुकं चढतं, दुपारी ऊन पडतं, आणि या पाठशिवणीत पिकलेल्या मण्यांवर बोट्रायटिस बुरशी धरते. नाशिकचा बागायतदार याच बुरशीला राखाडी बुरशी म्हणून घाबरतो. इथे मात्र कोरड्या दुपारी मिळाल्या की ती मण्यांतलं पाणी काढून घेते, मणी सुकतो, साखर आणि आम्लता दोन्ही घट्ट होतात. त्या सुकलेल्या मण्यांपासून ऑसू होते. या प्रदेशाची हद्द 1737 मध्ये राजाज्ञेने आखली गेली. अशी कायदेशीर हद्द मिळालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या वाइन-प्रदेशांत तोकाय येतं. 2002 मध्ये युनेस्कोने इथला सांस्कृतिक भूप्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

मग इतकं गोड वैभव असताना ड्राय वाइनकडे मंडळी वळली कशाला? दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीत इथली वाइन सरकारी कारभारात गेली. भर वजनावर होता, बराच माल सोव्हिएत संघाला जायचा. उतारावरच्या कष्टाच्या बागा ओस पडत गेल्या आणि ट्रॅक्टर चालेल अशा सपाट जमिनीवर लागवड वाढली. 1989-90 च्या सत्तांतरानंतर खाजगी मालकी परत आली आणि परदेशी भांडवलही. ब्रिटिश वाइन-लेखक ह्यू जॉन्सन सहसंस्थापक असलेली रॉयल तोकाजी 1990 मध्ये सुरू झाली. फ्रेंच विमा कंपनी आक्साने दिस्नोको घेतलं, स्पेनच्या वेगा सिसिलियाने ओरेमुस उभं केलं. सुरुवातीला या सगळ्यांचं लक्ष ऑसूवर होतं. पण ऑसू बुरशीच्या मर्जीवर चालते. काही वर्षी ती धरतच नाही. त्यातून ती महाग, आणि जगात गोड वाइन पिणारे कमी होत गेलेले. दरवर्षी हाती येईल आणि जेवणासोबत प्यायली जाईल अशी वाइन गावांना हवी होती.

ती घडवण्यात तोकाय प्रदेशातल्या माद गावच्या इश्तवान सेप्शी यांचा वाटा सर्वांत मोठा. त्यांनी उरआग्या नावाच्या मळ्यातल्या द्राक्षांची 2000 सालची ड्राय फुर्मिंत बाटलीत भरली, आणि एका मळ्याची ड्राय फुर्मिंत किती खोल असू शकते ते लोकांना कळलं. त्यानंतर मादचे इतर मळे, सेंत तामाश, किराय, बेत्सेक, न्युलासो, लेबलांवर झळकू लागले. ही नावं नवी नव्हती. या प्रदेशात 400 हून अधिक ऐतिहासिक मळे नावानिशी ओळखले जातात आणि अठराव्या शतकातच त्यांची प्रतवारी झाली होती. ड्राय वाइनने ती जुनी नावं पुन्हा कामाला लावली.

फुर्मिंत तोकायच्या लागवडीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास आहे. उशिरा पिकणारं, भरपूर आम्लता राखणारं द्राक्ष. कोवळ्या वाइनमध्ये हिरवं सफरचंद, नासपती, लिंबाची साल. थोडी वर्षं गेली की बिही नावाचं युरोपीय फळ, मध आणि धुराचा अंश. स्वतःचा सुगंध ते फार मिरवत नाही, आणि हा त्याचा गुण आहे. जमिनीतला फरक त्यामुळे झाकला जात नाही. तोकायचे डोंगर एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी बनवलेले आहेत: कुठे रायोलाइट, कुठे अँडेसाइट, कुठे ज्वालामुखीची राख दबून झालेला टफ. तोकाय गावाच्या डोंगरावर मात्र वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळसर मऊ मातीचा, लोएसचा थर आहे. लोएसवरची फुर्मिंत मऊ आणि लवकर पिण्याजोगी होते. मादच्या दगडाळ उतारावरची ताठ असते, जिभेवर खारट कड ठेवून जाते.

दुकानात गेल्यावर दोन बाटल्या घ्या. एक गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाची साधी ड्राय फुर्मिंत, दुसरी त्याच उत्पादकाची एका मळ्याची. दुसरीची किंमत बऱ्याचदा दुपटीहून अधिक असते. पण त्या शेजारी शेजारी प्यायल्याशिवाय फुर्मिंत कळत नाही, म्हणून हा खर्च चार मित्रांत वाटून करा. ओरेमुसची ‘मांदोलाश’, रॉयल तोकाजी आणि दिस्नोकोची ड्राय फुर्मिंत हंगेरीबाहेरही बऱ्यापैकी मिळतात. हंगेरीत असाल तर बार्ता, होल्दव्योल्ग्य, दोबोगो, पात्रिसियुस ही नावंही शोधा.

फुर्मिंतची जोडीदार हार्शलेवेलू. डीएनए तपासणीनुसार ती फुर्मिंतच्याच वंशातली आहे. घड लांब, सुगंध अधिक मोकळा, फुलांचा आणि मधाचा, आम्लता जरा सौम्य. आंबट फार सोसत नसेल तर हार्शलेवेलूपासून सुरुवात केलेली चालेल. शार्गामुश्कोताय म्हणजे तिथली मस्कट. तिची ड्राय वाइन सुवासिक असते, पण तिच्यात फुर्मिंतची खोली शोधू नये.

पायरी 4: ती बनते कशी, हे एकदा समजून घ्या

हे वाचल्याशिवायही वाइन पिता येते. पण एक बाटली मोकळी-ताजी आणि दुसरी भारदस्त का, याचं उत्तर इथे आहे.

पहिला निर्णय तोडणीचा. ड्राय वाइनसाठी द्राक्षं साधारण सप्टेंबरात, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तोडतात. ऑसूचे मणी त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेचले जातात. ड्रायसाठी निरोगी घड लागतात. बुरशी धरलेले मणी त्यात गेले तर मधाळ वास आणि कडवटपणा येतो, आणि साखर इतकी वाढते की अल्कोहोल चढतं. फुर्मिंतच्या काही निवडक वाणांचे घड घट्ट असतात, मण्यामण्यांत हवा खेळत नाही आणि बुरशी लवकर पसरते. म्हणून चांगले उत्पादक जुन्या बागांतल्या सैल घडांच्या वेलींपासून काड्या घेऊन नवी लागवड करतात. अंगूर लावलेल्या माणसाला यातले कष्ट सांगायला नकोत.

घड बहुधा देठांसकट, हलक्या दाबाने पिळतात. सालींशी फार वेळ संपर्क राहिला तर तुरटपणा उतरतो. रस रात्रभर थंड ठेवून निवळू देतात आणि वरचा स्वच्छ रस आंबवायला घेतात. इथे दोन वाटा फुटतात. स्टीलच्या टाकीत, तापमान ताब्यात ठेवून आंबवलेली वाइन ताजी, सरळ, फळांच्या वासाची होते आणि पुढच्या वसंतात बाटलीत भरली जाते. एका मळ्याच्या वाइन मात्र बऱ्याचदा ओकच्या पिंपात आंबतात, काही ठिकाणी बाहेरून यीस्ट न घालता, द्राक्षांवरच्या आणि तळघरातल्या यीस्टवर. लाकूड दूरून आणावं लागत नाही. झेंप्लेनच्या जंगलातला ओक पिंपांसाठी हंगेरीबाहेरही नावाजलेला आहे. तोकायचं परंपरागत पिंप ‘गोंत्सी’ 136 लिटरचं. ड्राय वाइनसाठी आता त्याहून मोठी पिंपंही वापरतात, म्हणजे लाकडाचा वास वाइनवर स्वार होत नाही.

आंबणं थांबल्यावर वाइन तळाशी बसलेल्या यीस्टच्या बारीक गाळावर काही महिने ठेवतात. त्यातून तिला जाडी येते आणि आम्लतेची धार थोडी गोलावते. वाइनमधलं कडक मॅलिक आम्ल जिवाणूंकरवी मऊ लॅक्टिक आम्लात बदलण्याची एक प्रक्रिया असते. फुर्मिंतच्या बाबतीत अनेक जण ती होऊ देत नाहीत, काही जण थोड्या भागापुरती होऊ देतात. बुडापेस्टमधल्या दुकानात विचारायचे दोनच प्रश्न लक्षात ठेवा: टाकीतली की पिंपातली, आणि कोणत्या साली बाटलीत भरली. या दोन उत्तरांवर बाटली आज उघडायची की दोन वर्षांनी, ते ठरतं.

तोकायची तळघरं टफमध्ये खोदलेले अरुंद, लांब बोगदे आहेत. आत तापमान 10-12 अंश आणि हवेत ओल भरपूर. भिंतींवर काळ्या बुरशीचा मऊ थर असतो. पाहून नाक मुरडू नका. ती पिंपांतून उडणाऱ्या वाफेवर जगते आणि तिथले लोक तिला तळघराच्या तब्येतीची खूण मानतात.

ड्राय सामोरोद्नी याच तळघरांत होते. बुरशी धरलेले आणि निरोगी मणी वेगळे न करता, घड जसा आला तसा वापरला जातो. साखर पूर्ण संपेपर्यंत वाइन आंबते, मग न भरलेल्या पिंपात तिच्यावर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो. चव अक्रोड, सुकं सफरचंद, खारेपणा अशी जाते. स्पेनची शेरी आवडत असेल तर ही नक्की घ्या. पहिल्याच दिवशी मात्र नको.

पायरी 5: तोकायच्या पलीकडे

फुर्मिंतशी ओळख झाली की पश्चिमेकडे वळा. शोमलो हा सपाट माळावर एकटाच उभा असलेला विझलेला ज्वालामुखी, उंची 430 मीटरच्या आसपास. त्याच्या उतारांवर हंगेरीतला सर्वांत लहान प्रदेशांपैकी एक वाइन-प्रदेश वसला आहे. जमीन बेसॉल्टची. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्या मुंबईकराला बेसॉल्टचे उभे खांब नवे नाहीत. तसेच खांब बालातोन सरोवराच्या उत्तरेला सेंत ग्यॉर्ग्य टेकडीवरही आहेत. शोमलोचं खास द्राक्ष युहफार्क, लांब दंडगोल घडाचं. नवविवाहितांनी ही वाइन प्यायली तर मुलगा होतो अशी दंतकथा हाब्सबुर्ग राजघराण्याच्या काळापासून चालत आली आहे. दंतकथा सोडून द्या. वाइन मात्र अस्सल आहे. खारट, धुरकट, फळांचा वास कमी. शोमलोची वाइन तरुणपणी फार अबोल असते. मला तोकायच्या खालोखाल हाच प्रदेश प्रिय आहे, पण तो नवख्यांचा पहिला मुक्काम नाही. इथे फुर्मिंतपासून पारंपरिक पद्धतीने, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेली उत्तम स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी वाइनही बनते. क्राइनबाखर हे त्यातलं ठळक नाव.

बालातोन सरोवराच्या उत्तर काठावर बादाचोन्यची टेकडी आहे, तीही बेसॉल्टची. तिथलं दुर्मीळ द्राक्ष केकन्येलू. त्याची फुलं स्वतःहून नीट फळत नाहीत, म्हणून परागासाठी शेजारच्या ओळींत बुदाइ झोल्द ही दुसरी जात लावतात. उत्पन्न कमी, म्हणून बाटली सहज मिळत नाही. दिसली तर घ्या.

त्याच काठाने पूर्वेला चोपाक आणि बालातोनफ्युरेद ही गावं. इथलं द्राक्ष ओलासरिझलिंग. जर्मनीच्या रिझलिंगशी त्याचं नातं नाही. मधल्या चवीची वाइन, शेवटी कडू बदामाची बारीक छटा. चोपाकच्या तांबड्या मातीतली ओलासरिझलिंग साध्या जेवणासोबत रोज प्यावी अशी असते. फ्युरेदशी आपलंही एक नातं आहे. रवींद्रनाथ टागोर 1926 मध्ये इथल्या हृदयरोग रुग्णालयात उपचार घेत होते. त्यांनी तळ्याकाठी लिंडेनचं झाड लावलं आणि तिथल्या फिरण्याच्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. त्या रस्त्यावर फिरायला जाल तेव्हा संध्याकाळची वाइन चोपाकचीच मागवा.

एगेर हे शहर रेड वाइनसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे ‘एग्री चिल्लाग’ नावाची किमान चार द्राक्षांची मिश्र व्हाइटही बनते. किंमत परवडणारी, स्वभाव मनमिळाऊ. मोर गावची, एझेरयो द्राक्षाची वाइन फार आंबट, ती पुढे कधीतरी.

उन्हाळ्यात बुडापेस्टमध्ये सगळे पितात ते फ्रोच्च, म्हणजे वाइनमध्ये सोडा. यात कमीपणा काही नाही, ही तिथली रीत आहे, आणि प्रत्येक प्रमाणाला वेगळं नाव आहे. ‘नाग्यफ्रोच्च’ म्हणजे 2 डेसिलिटर वाइनला 1 सोडा. ‘होस्सूलेपेश’ म्हणजे 1 वाइनला 2 सोडा. नवख्यांसाठी आणि उन्हासाठी हेच बरं. त्यासाठी इर्शाई ओलिवेर किंवा चेर्सेगी फ्यूसेरेशसारखी हलकी, सुवासिक वाइन घ्या. एका मळ्याच्या फुर्मिंतमध्ये सोडा घालू नका.

पायरी 6: ग्लासात ओतताना

सर्वांत जास्त वाइन वाया जाते ती अति थंडीने. घरचा फ्रिज 4-5 अंशांवर असतो. तिथून थेट ओतलेल्या फुर्मिंतमध्ये आंबटपणाशिवाय काही कळत नाही. साध्या, टाकीतल्या वाइनला 8-10 अंश पुरे. एका मळ्याच्या, पिंपातल्या वाइनला 11-13. युरोपातल्या हिवाळ्यात बाटली अर्धा तास आधी बाहेर काढा. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात दहा मिनिटंही खूप झाली. उरलेली बाटली परत आत ठेवा आणि थोडी थोडी ओता.

ग्लास पातळ काचेचा, पोटात रुंद, तोंडाशी निमुळता असावा आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरू नये. आधी साधी वाइन, मग मळ्याची. प्रत्येकीचा वास हलवण्याआधी एकदा आणि हलवल्यावर एकदा घ्या. घोट तोंडात फिरवून गिळा आणि मग काही न बोलता थांबा. लाळ किती सुटते त्यावरून आम्लता कळते. चव किती वेळ रेंगाळते, त्यात शेवटी खारट काही उरतं का, ते पाहा. चांगल्या मळ्याची फुर्मिंत या शेवटच्या टप्प्यात साध्या बाटलीच्या फार पुढे निघून जाते. मळ्याची बाटली त्याच संध्याकाळी संपवू नका. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. तरुण फुर्मिंत कित्येकदा दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी होते. आम्लतेमुळे तीन-चार दिवस ती व्यवस्थित टिकते.

पायरी 7: ताटात काय

हंगेरीत बालातोनचा फोगाश मासा, साय घातलेली चिकन पाप्रिकाश, भाजलेलं डुकराचं मांस यांच्यासोबत फुर्मिंत पितात. हंगेरियन पाप्रिका बहुतेक वेळा तिखट नसते, म्हणून ही जोडी जमते. हाच धडा आपल्या ताटाला लावा. रवा लावून तळलेली सुरमई, बोंबील, कोथिंबीर वडी, अळूवडी यांच्या तेलकटपणाला फुर्मिंतची आम्लता कापते. नारळाच्या दुधातली, हलक्या मसाल्याची कोळंबी पिंपातल्या फुर्मिंतबरोबर छान जाते. कोल्हापुरी तांबड्या रश्शाबरोबर मात्र ती उघडू नका. 13 टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतं आणि वाइनची चवही लागत नाही. चिंच-गुळाच्या आंबटगोड पदार्थांपुढेही ड्राय वाइन रुक्ष वाटते.

पायरी 8: तिथे जाणं आणि बाटल्या आणणं

तोकायला बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून रेल्वेने सुमारे अडीच तासांत पोचता येतं. मादला जायचं तर सेरेंचला गाडी बदला. गाडी भाड्याने घेणार असाल तर एक जण दिवसभर वाइनला हात लावणार नाही हे आधी ठरवा. हंगेरीत वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोलचा अंशही चालत नाही, आणि हा नियम काटेकोरपणे पाळला जातो.

लहान उत्पादकांकडे न सांगता जाऊ नका. तिथे वाइन दाखवणारा माणूस बऱ्याचदा तीच वाइन बनवणारा असतो, आणि तोडणीच्या दिवसांत त्याला मान वर करायला फुरसत नसते. आधी ईमेल करा, ड्राय वाइन चाखायच्या आहेत असं स्पष्ट लिहा, नाहीतर पाहुणा परदेशी म्हणून ऑसूचीच रांग लागते. क्रम ड्रायपासून गोडाकडे ठेवा. दिवसाला दोन तळघरं पुरेत. चाखून थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं शिष्टाचारात बसतं, कुणी वाईट वाटून घेत नाही. आत गारवा असतो, जुलैतही अंगावर काहीतरी असू द्या.

भारतात येताना प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं. 750 मिलीच्या तीन बाटल्या या मर्यादेबाहेर जातात. दोन ड्राय फुर्मिंत आणि अर्ध्या लिटरची एक ऑसू घेतली तर बरोबर 2 लिटर होतात. दोन फुर्मिंतपैकी एक टाकीतली, याच वर्षी पिण्यासाठी, आणि दुसरी मळ्याची घ्या. मळ्याच्या बाटलीवर खरेदीचं साल चिकटवून ती घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात आडवी ठेवा. फ्रिजच्या वर नको, स्वयंपाकघरातही नको. घर उन्हाळ्यात तापत असेल तर सरळ फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात ठेवा आणि वर्षभरात उघडा. बाटल्या विमानात चेक-इन करायच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, प्रत्येक बाटली वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून भरा.